पापडाचा नसलेला खार

धुळ्यात शाळामास्तर असताना मला घरी साबण करण्याचा नाद लागला. सरकीचे तेल जळगावहून येई, कॉस्टिक सोडा पेठेतल्या एका दुकानात मिळे. सोडा पाण्यात टाकावा, सोड्यावर पाणी ओतू नये. ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये. हे सारे मी एका इंग्रजी पुस्तकावरून शुद्ध मराठीत वहीत उतरवले होते. त्याच शुद्धपणापायी सोड्याच्या बरणीवर मी चिठ्ठी चिकटवली : ‘खार’.

माझी पत्नी तेव्हा माझ्याजवळ बाराखडी शिकत होती. दिसेल ते अक्षर ती वाची. तिला जाऊन आता चार महिने झाले, आणि मला त्या उन्हाळ्यातले पापड आठवतात.

शेजारच्या अक्का आणि आळीतल्या लेकीसुना लाटायला आल्या होत्या. काम करता करता उडदाच्या कच्च्या लाट्या तेलात बुडवून खायच्या, ही त्यांची मजुरी. पापडखार संपलेला. पत्नीने फडताळात शोधले, बरणीवरचे अक्षर जुळवले आणि चमचाभर खार पातेल्यातल्या पाण्यात टाकून बोटांनी ढवळला.

मी ओसरीवर वाचत होतो. आतून तिचा आवाज आला, “अहो, चूल नही, जाळ नही, हाई पाणी का बरं तापनं?”

“मास्तरना घरनं पाणी बी शिकेल शे,” अक्का म्हणाल्या, “आपेआप तापस!”

सगळ्या हसल्या. मी पुस्तक टाकून धावलो. अक्कांनी पातेले पिठावर कलते केलेच होते. “थांबा!” मी ओरडलो. शाळेतही मी इतक्या मोठ्याने कधी ओरडलो नव्हतो.

पीठ कोरडे राहिले. पत्नीची बोटे मात्र बुळबुळीत होऊन चुरचुरू लागली होती. खारावर आंबट म्हणून अक्का चिंच चोळायला निघाल्या. मी त्यांना अडवले आणि कळशीमागून कळशी नुसते पाणी ओतत राहिलो.

“पण ते पाणी तापलं कशानं?” हात पुढे धरूनच तिने विचारले.

“सोडा विरघळला, की उष्णता निघते.”

“ती येते कुठून?”

मी पुढची कळशी ओतली. “मग इतकं वाचता काय?” ती म्हणाली.

तिसऱ्या प्रहरी तिने माझी चिठ्ठी खरवडून काढली आणि दुसरी लिहिली. कित्ता न बघता लिहिलेले ते तिचे पहिले वाक्य. अक्कांना अक्षर येत नव्हते, म्हणून तिने मोठ्याने वाचून दाखवले, “हाऊ खार पापडना नही शे.”

अक्का म्हणाल्या, “आते समजनं.”