पूल सुरू व्हायच्या आधीची संध्याकाळ

गुडीहत्नूरला हमरस्त्यालगत आमची खानावळ. सासऱ्यांनी सुरू केलेली. मी लग्न होऊन आले आणि भाकरीची चूल माझ्याकडे आली. हैदराबादकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या दारातच थांबत. मग समोर उड्डाणपूल उभा राहू लागला. त्याची वाढ आम्ही धुळीत बसून बघत राहिलो.

पूल खुला व्हायच्या आधी गावातले लोक संध्याकाळी त्यावर फिरायला जात. एकदा सासरे म्हणाले, "चला, आपनही पाहून येऊ." खानावळ लवकर बंद करून ते, नवरा आणि मी वर चढून गेलो. थंडी पडायला लागली होती. रस्ता कोरा, काळा, एकही गाडी नाही. खालचे आवाज पाण्यातून आल्यासारखे येत होते. दोन्हीकडे कापसाची रानं फुटलेली. ती कुठे संपतात आणि आभाळ कुठे सुरू होतं, धुक्यात कळेना. आमचं पत्र्याचं छप्पर वरून इतकं लहान दिसलं, की ते मला क्षणभर ओळखूच आलं नाही.

सासरे कठड्याला टेकले. "गाड्या आता इथून जातीन. मंग खालून कोन जाईन?"

नवऱ्याचं ठरलेलं होतं. पूल उतरतो तिथे पेट्रोलपंपाशेजारी जागा घ्यायची, रोषणाई करायची, पंजाबी भाज्या ठेवायच्या. तो बोलत होता तेव्हा मलाही ते दिवे लागलेले दिसत होते.

"तुले काय वाटते?" सासऱ्यांनी मला विचारलं.

धंद्याचं मला असं कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. मी खाली पाहत राहिले. कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनिंगकडे वळत होत्या. बाया बाजारातून परतत होत्या. मंडल ऑफिसातलं, म्हणजे तहसिलीचं, काम आटोपून लोक बसची वाट पाहत उभे होते.

"मामाजी, खालून हेच लोक जातीन," मी म्हटलं. "यायले भाकर लागते, अन् ते बी बांधून."

"म्हंजे मोठं काही करायचंच नाही का?" नवरा म्हणाला.

"करू ना. पन दोन्हीकडं धावलो तं एकही धड होनार नाही."

 उतरताना तो एकटाच पुढे चालत राहिला.

पूल सुरू झाला. पंपाशेजारची जागा न घेता आम्ही खालीच राहिलो. पुढे कितीतरी दिवस बाकं रिकामीच होती. गाड्या डोक्यावरून वाहत जात, आणि तो आवाज ऐकताना मला वाटे, आपण चुकलो. नवऱ्यानं मात्र एकदाही टोमणा मारला नाही. एका सकाळी भाकरी-पिठलं बांधून तो जिनिंगच्या फाटकाशी गेला आणि रिकामी टोपली घेऊन परतला. "लोकं दिवसभर रांगेत हायेत," तो म्हणाला, "कापूस सोडून जेवाले जातीन कसे?" त्याचा चेहरा बऱ्याच दिवसांनी उजळला होता. तेव्हापासून हंगामभर आमचं जेवण रांगेत जातं.

उन्हाळ्यात जिनिंग बंद असतं, तेव्हा काय करायचं, यावर आता आमच्या जेवणानंतरच्या गप्पा चालतात. यंदा ज्वारीच्या पापड्या घालून पाहिल्यात. विकल्या जातील की नाही, ठाऊक नाही. दुपारी वाऱ्यानं पापड्यांखाली अंथरलेलं जुनं पातळ फुगतं, आणि आम्ही तिघंही काम सोडून त्याच्याकडे पाहत बसतो.