उघड्या नळीपुढे

सकाळचे सहा वाजून बावन्न मिनिटे. तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ती स्टुलावर बसून रक्ताच्या नळ्यांची टोपणं एकेक करून काढते आहे. तोंडावर एकावर एक दोन मास्क, त्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत प्लास्टिकची ढाल. शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी दोनदा वळून बघते, कारण या खोलीत तिला गप्प बसलेलं कुणी पाहिलेलं नाही.

तिला सगळे रेडिओ म्हणतात. हजेरीपटावर दुसरं नाव आहे, पण ते पगाराच्या दिवशीच लागतं. दाराचं कुलूप निघालं की ती सुरू होते: नवऱ्याचं घोरणं, शेजारणीच्या सुनेचा मोबाइल, बसमध्ये पायावर पाय देऊन वर आपल्यालाच डोळे वटारणारा माणूस. तोंड चालू असलं की हात नीट चालतो, असं तिचं म्हणणं. तिचा हात चुकल्याचं आजवर कुणी दाखवून दिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी फारसं अडवतही नसे.

फक्त एका तपासणीला हे चालत नाही. फुप्फुसाच्या कर्करोगाचा संशय असला की डॉक्टर रक्तातली काही खुणेची प्रथिनं मोजायला सांगतात. त्यातलं एक, एससीसी, प्रत्येकाच्या कातडीत आणि थुंकीतही असतं. उघड्या नळीवर बोलताना डोळ्यांना न दिसणारा तुषार आत पडला तरी आकडा उडी मारतो आणि धडधाकट माणूस कागदावर आजारी पडतो. म्हणून प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, म्हणजे सरांनी, मशीनच्या वर पाटी लावली आहे: उघड्या नळीपुढे बोलू नये. "माझं नाव तेवढं घालायचं राहिलं," असं ती पाटी लागली त्याच दिवशी म्हणाली होती. तेव्हाही समोर नळ्या उघड्याच होत्या.

परवाच्या नळ्यांत एक धाकट्याची होती.

धाकटा म्हणजे तिचा दीर. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो शाळेत जायचा. त्याचे पाढे तिने घेतले आणि पुढे इथली नोकरीही तिनेच लावून दिली. शहरभरच्या केंद्रांतून नळ्या गोळा करायच्या आणि थंड पेटीत घालून स्कूटरवरून इथे आणायच्या, हे त्याचं काम. दोन महिने त्याचा खोकला हटत नव्हता. एक्स-रेमध्ये उजवीकडे डाग दिसला. जिन्यामागे उभा राहून तो सिगारेटी ओढतो हे तिला फार पूर्वीपासून माहीत होतं. माहीत असून कुणाला न सांगितलेली तिच्या आयुष्यातली ही एकच गोष्ट असावी.

परवा पेटी ठेवून तो खिडकीशी रेंगाळला होता.

"वहिनी, माझं रक्त जरा जपून. महागाचा माल आहे."

"महागाचा कसला? निम्मा चहाच आहे त्यात."

दोघंही खळखळून हसले. तिचा मास्क हनुवटीवर होता आणि त्याच्या नळीचं टोपण हातात.

आकडा आला अकरा पूर्णांक दोन. तो दीडच्या आत हवा.

तिने आकडा दोनदा वाचला आणि पाठोपाठ, लाज वाटावी इतकं, तिला हायसं वाटलं. मास्क खाली, तोंड उघडं, नळी उघडी. चूक तिचीच होती. ती तडक सरांच्या खोलीत गेली. "थुंकी उडाली सर. मीच बडबडत होते." गेल्या कित्येक वर्षांत तिने शिव्या खायला इतक्या उत्साहाने कुणाच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. सर रागावले नाहीत. "नवं रक्त घ्या," ते म्हणाले. "आणि या वेळी तोंड बंद."

रात्री जेवताना तिने आणखी वाटा शोधून पाहिल्या. हा आकडा कातडीच्या जुन्या दुखण्यानेही चढतो, मूत्रपिंडं थकली तरी चढतो.

"काय रे, अंगाला खाज-बिज येते का? चट्टे वगैरे?"

"जिभेला येते. तुमच्यासारखीच."

"लघवी नीट होते?"

"वहिनी, जेवू द्या हो."

नवऱ्याने ताटातून मान वर केली. "त्याला काय झालंय?"

"खोकला," दोघंही एकदम म्हणाले.

काल तिने त्याच्या दंडातून नवं रक्त स्वतः काढलं, नळी यंत्रात फिरवून सीरम, म्हणजे रक्तातलं पिवळसर पाणी, वेगळं केलं आणि फ्रिजमध्ये ठेवलं. आज सकाळी सगळ्यांत आधी तेच मशीनमध्ये लावलं. ढालीच्या आतून तिने श्वाससुद्धा बेताने घेतला.

मशीन चालू असतानाच धाकटा पेटी घेऊन आला. खिडकीतून डोकावून म्हणाला, "रेडिओ बंद? सेल गेले वाटतं."

तिने बोट ओठांवर धरलं. नळी केव्हाच मशीनच्या पोटात गेली होती. आता बोललं काय आणि न बोललं काय, फरक पडणार नव्हता. तरी ती बोलली नाही.

अकरा पूर्णांक तीन.

सरांच्या टेबलापुढे ती उभीच राहिली. "सर, अजून एकदा लावते. मास्कमधूनसुद्धा कधीकधी..."

"दोन घातले होते ना?"

"मग हातमोजा फाटला असेल. कातडीचं काहीतरी पडलं असेल आत."

सरांनी दोन्ही आकडे पडद्यावर शेजारीशेजारी आणले. "थुंकी दोनदा सारख्याच मापाने उडत नाही."

हे तिला दुसरा आकडा दिसला त्याच क्षणी कळलं होतं. नऊ आला असता, वीस आला असता, तरी तिला भांडता आलं असतं. अकरावर अकरा आल्यावर तिच्याकडे मुद्दाच उरला नाही.

"नुसत्या यावरून निदान होत नाही," सर म्हणाले. "स्कॅन होईल, सुईने तुकडा काढून बघतील. मी त्याच्या डॉक्टरांना फोन करतो, ते दुपारनंतर भेटतील. सांगायचं ते तेच सांगतील. तुम्ही नाही."

"एका टेबलावर जेवतो आम्ही, सर."

"माहीत आहे," सर म्हणाले आणि सूक्ष्मदर्शकाखालची काच बदलू लागले.

ती परतली तेव्हा धाकटा खिडकीशीच होता. पेटी रिकामी झाली होती, तरी गेला नव्हता.

"आलं का माझं?"

"मशीन अजून तापतंय."

मशीनचा हिरवा दिवा त्याला तिथून स्वच्छ दिसत होता. तो लागला की तपासणी संपली, हे रोजच्या फेऱ्यांत त्याला पाठ झालं होतं.

"थापा मारताना तुम्ही फार थोडकं बोलता, वहिनी."

डॉक्टर, स्कॅन, आजकाल औषधं किती चांगली निघालीत, असं बरंच काही तिच्या जिभेवर आलं. तिने हातमोजे काढले, पुन्हा घातले.

"दादाला इतक्यात काही बोलू नका," तो म्हणाला.

"मी कुठे काय बोलते?"

त्याला हसू फुटलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. खोकताना त्याने तोंड रस्त्याकडे वळवलं, कोपर तोंडावर धरलं. आत टेबलावर पुढच्या नळ्या उघड्या होत्या, हे त्याने पाहिलं होतं.

तो गेल्यावर ती फेऱ्या लावणाऱ्या मुकादमाकडे गेली. धाकट्याला उद्या सुट्टी देता येईल का, तिने विचारलं.

"का? आजारी आहे का तो?"

तिने मास्क नाकापर्यंत वर ओढला. मुकादमाने फळ्यावरचं नाव न पुसताच खडू खाली ठेवला.

पहिली पेटी उद्याही सातला येते. फळ्यावर ती फेरी धाकट्याच्याच नावावर आहे.