टिप्याचा रंग

रंगाच्या बाबतीत आपल्याला फसवणारा माणूस भोसरीत अजून जन्माला यायचाय, असं ज्योतीराम स्वतःच सांगत. तीस वर्षं त्यांनी एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये एकच काम केलं. मंजूर झालेला नमुन्याचा पत्रा एका हातात, नवा रंगवलेला दुसऱ्या हातात, आणि खिडकीच्या उजेडात दोन्ही शेजारी धरून शेड जुळते का ते बघायचं. पुढे त्या कामाला मशीन आलं, तरी वाद झाला की साहेब यांनाच हाक मारायचे. कुणाला पैशाचा ताठा असतो, कुणाला पोरांचा. यांना डोळ्यांचा होता.

निवृत्त झाल्यावर ते कुत्र्यामांजरांची चित्रं काढू लागले. आधी साध्या पेन्सिलीने रेखाटन, मग रंगीत पेन्सिलींचे पातळ थर एकावर एक. पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमधून फोटो यायचे, पण फोटोतल्या रंगावर यांचा काडीचा विश्वास नाही. मोबाईल खोटं बोलतो म्हणायचे. जनावराचे चिमूटभर केस मागवून घ्यायचे, कागदाच्या कोपऱ्यात चिकटपट्टीने डकवायचे आणि त्यांच्याशी पेन्सिल जुळवायची, कंपनीत पत्रा जुळवत तशी. पेन्सिलीवर छापलेलं रंगाचं नाव वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे.

त्यांची बायको सुमनताई. तिचा सगळा जीव टिप्यावर. टिप्या म्हणजे चहात बुडवलेल्या खारीच्या रंगाचा गावठी कुत्रा. तिची किडनी गेली, डायलिसिस सुरू झालं, आणि जंतुसंसर्ग नको म्हणून डॉक्टरांनी कुत्र्याला घराबाहेर काढायला सांगितलं. टिप्या राजगुरुनगरजवळच्या गावी, तिच्या थोरल्या बहिणीकडे, तानुबाईंकडे गेला. त्याला टेम्पोत चढवताना सुमनताई आतल्या खोलीत पाठ फिरवून बसली होती.

त्यानंतर ती खंगतच गेली. तिचं मागणं एकच होतं, टिप्याला एकदा बघायचंय. ज्योतीरामांनी आपल्या परीने त्यावर उपाय काढला. टिप्याच्या गोधडीला चिकटलेले केस गोळा केले, वीस दिवस खाली मान घालून चित्र काढलं आणि तिच्या पलंगासमोर टांगलं. सुमनताई बराच वेळ बघत राहिली.

"अगदी तोच आहे हो," ती म्हणाली.

झालं! ज्योतीराम ते चार शब्द भेटेल त्याला ऐकवत सुटले. पुढे तिने दोनदा सुचवलं की एकदा डोळे दाखवून घ्या. यांनी ते हसण्यावारी नेलं. महिन्याभराने तिने पुन्हा विचारलं, टिप्याला नुसता दारापर्यंत आणता येईल का, ती लांबूनच बघेल.

"समोर तर आहे की," ज्योतीराम म्हणाले. "यात आणि त्याच्यात काय फरक आहे?"

तिने पुन्हा कधी विचारलं नाही. दिवाळीनंतर ती गेली.

पुढच्या दोन महिन्यांत दोन चित्रं परत आली. पहिल्या वेळी त्यांनी गिऱ्हाइकाच्या घरातल्या दिव्यांना दोष दिला. दुसऱ्या वेळी मात्र उत्कर्षा नावाची मुलगी स्वतः चित्र घेऊन घरी आली, पैसे परत घेतले नाहीत, आणि जाताना हळूच म्हणाली की काका, तुमचे डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू निघाला, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला.

ऑपरेशननंतर दुसऱ्या डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी ते घरी येऊन पलंगावर टेकले. भिंत पांढरी होती. इतके दिवस ते तिला पिवळट समजत होते. मग चित्राकडे नजर गेली. कोपऱ्यातले केस खारीच्या रंगाचे होते आणि शेजारचा कुत्रा वांग्याच्या सालीसारखा जांभळट. त्यांनी पेन्सिलींची पेटी उघडली. तपकिरी पेन्सिल जवळजवळ अख्खी होती, जांभळीचं बोटाच्या पेराएवढं थोटूक उरलं होतं. त्या मोतीबिंदूतून त्यांना दोन्ही सारख्याच दिसत होत्या, पण सुमनताईचे डोळे शेवटपर्यंत ठणठणीत होते.

रात्रभर ते तसेच बसून होते. सकाळी एसटी धरून तानुबाईंकडे गेले आणि पाणीसुद्धा न घेता विचारलं, सुमनला ते दिसत होतं का?

तानुबाई म्हणाल्या, "व्हय दाजी. पयल्याच दिशी तिनं मला फोन केला. म्हनली, आक्का, ह्यांनी माझ्या टिप्याला जांभळा केलाय. हसली, आन् मग रडाया लागली."

"मग मला का नाही बोलली?"

"त्यांच्याकडं डोळ्याबिगर दुसरं हाय काय, म्हनली." तानुबाईंनी पदराने नाक पुसलं. "शेवटी शेवटी म्या टेम्पो ठरवला व्हता. म्हनलं, दाजी काय बी म्हनूंद्या, टिप्याला तिच्या दारात उभा करते. तिनंच न्हाई म्हनून सांगितलं. कुत्रं आन् चित्र शेजारी दिसलं तर कुनी तरी बोलंल, आन् ह्यांच्या जिवाला लागंल, म्हनली."

ज्योतीराम ओट्यावर बसले. नजर परत आली नसती तर बरं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटलं, आणि ते लहान मुलासारखे रडले. आवाज ऐकून गोठ्यामागून टिप्या धावत आला. त्याने त्यांचे हात हुंगले, पिशवी हुंगली, धोतर हुंगलं. मग फाटकापाशी जाऊन रस्त्याकडे तोंड करून बसला, यांच्यामागून आणखी कोणी येतंय का ते बघत.