नव्याण्णवचे शंभर

कोपरखैरण्यात आमच्या सोसायटीसमोर जो क्लास आहे, तिथे पोरांना दर महिन्याला चाळणीतून काढतात. टेस्टमध्ये वर आलेली ए बॅचला, उरलेली बीला. एला सर स्वतः शिकवतात, बीला कुणीही. माझ्या दहावीतल्या लेकीला ए बॅच हवी होती. खरं सांगायचं तर तिच्याहून जास्त मला.

टेस्टमध्ये नाण्यांचं गणित आलं. डब्यात दोन आणि पाच रुपयांची मिळून तीस नाणी, एकूण शंभर रुपये, तर पाचची किती? क्लासच्या नोट्समध्ये हेच गणित नव्याण्णव रुपयांचं होतं, उत्तर तेरा. छापताना कुणीतरी नव्याण्णवचे शंभर केले. बाकीच्या पोरांनी पाठ केलेलं तेरा उतरवून दिलं. माझ्या लेकीने एक्स धरून समीकरण मांडलं, तर तेरा नाणी आणि वर एक तृतीयांश नाणं आलं. तिने पुन्हा सोडवून पाहिलं आणि खाली लिहिलं, 'नाण्याचे तुकडे होत नाहीत. प्रश्न चुकलाय.' तिला शून्य मिळालं आणि तेवढ्यावरून ए बॅच हुकली.

मी लेकीला घेऊन तणतणत क्लासमध्ये गेले. देवघरातल्या दक्षिणेच्या डब्यातून तिने तीस नाणी निवडून आणली होती. सरांच्या टेबलावर तेरा पाचची, सतरा दोनची मांडली.

"सर, नव्याण्णवच होतात. एक रुपया कमी पडतोय."

सर हसले. "बोर्डाला काय डबा घेऊन बसणार? ताई, सगळ्यांनी तेरा लिहिलंय. हिलाच कसला प्रॉब्लेम आहे?"

मी खूप बोलले, पण पालथ्या घड्यावर पाणी. घरी नवरा म्हणाला, "वर्षाची फी भरलीय. टेन्शन घेऊ नको, अ‍ॅडजस्ट कर." मला दोघांचाही सारखाच संताप आला.

पुढच्या महिन्यात ती ए बॅचमध्ये गेली. मी पेढे आणले आणि हौसेने तिचा पेपर बघायला घेतला. तेच गणित पुन्हा आलं होतं, शंभराचंच. तिने समीकरण नीट मांडलं होतं. शेवटच्या पायरीत चाळीस आले होते, ते खोडून एकोणचाळीस केले होते. उत्तर तेरा, पूर्ण मार्क.

"अगं, इथे चाळीसच बरोबर होते ना?"

"माहितीये आई. सरांना तेरा लागतात."

तिने पेढा तोंडात टाकला आणि नोट्स पाठ करायला बसली.