वस्ताद, हात काढा

स्क्रम कोसळला आणि मला माझे हात कळेनात. बोटं हलवायला गेलो. हलली की नाही, समजेना.

सांगलीतला रग्बीचा सराव सामना होता. स्क्रममध्ये दोन्ही संघांचे आठ-आठ गडी डोकी आत घालून एकमेकांना रेटतात. मी हुकर, म्हणजे पुढच्या रांगेतला मधला. हुकरचे दोन्ही हात शेजाऱ्यांच्या खांद्यांवर गुंतलेले असतात. पडताना ते टेकता येत नाहीत. सगळं वजन मानेवर येतं. भारताकडून चार वर्षं खेळलो, पण असा घाबरलो नव्हतो.

फिजिओ मॅडम धावत आल्या. माझं डोकं दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "मान हलवू नकोस. पाय कळतात?"

"कळतात. हात कळत नाहीत."

त्यांनी ओरडून अँब्युलन्स मागवली. तेवढ्यात सामना बघायला आलेले वस्ताद मैदानात शिरले. वडूजला त्यांच्या तालमीत मी वाढलो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. फॉर्म भरायला वस्तादच सोबत आले होते. तालमीत कुणाची मान अडकली की ते हनुवटी धरून एक झटका देत. माझीही दोनदा सोडवली होती.

"सरा बाजूला, बाई. मान उतरलीया. आत्ता बसवतो."

"अहो, हाड मोडलं असेल तर हा जन्माचा लुळा होईल!"

"तुमी शाळेत होता तवापासनं माना बसवतोय मी." ते माझ्याकडे वळले. "काय रं, बसवू न्हवं?"

त्यांचा अंगठा हनुवटीखाली लागला. त्यांना नाही म्हणायची मला सवय नव्हती. मी जन्माचा लुळा झालोय आणि आई मला घास भरवतेय, असं डोळ्यांपुढं आलं.

"नको, वस्ताद. हात काढा."

हात लगेच निघाला नाही.

"लय मोठा झालास," ते म्हणाले, आणि उठायला लागले.

"जाऊ नका," मॅडम म्हणाल्या. "माझे हात भरून आलेत, तुमचे भक्कम आहेत. डोकं असं धरा. ओढायचं नाही, फिरवायचं नाही."

अँब्युलन्स येईपर्यंत वस्तादांनी डोकं तसंच धरलं.

मानेचा मणका मोडला होता. मज्जारज्जू वाचला होता. झटका बसला असता तर वाचला नसता, असं सर्जन म्हणाले. महिन्याभरात हात कळू लागले. भारताची जर्सी मात्र पुन्हा मिळाली नाही. आता साताऱ्यात कोच आहे.

वस्ताद अजून माना बसवतात, पण आधी एक्स-रे मागतात. त्यांना तो वाचता येत नाही. ते फोटो काढून मला पाठवतात, मी मॅडमना.

ज्यांनी आपल्याला घडवलं, त्यांना नाही म्हणायचा सराव आधीच करून ठेवावा. जमिनीवर पडल्यावर तेवढा वेळ नसतो.