स्प्लिंटचं ऑल्टरेशन

“मॅडम, पंधरा दिवस कात्रीला हात लावला न्हाई. तरी अंगठा ठणकून राह्यला.”

भोकरदनमधल्या माझ्या फिजिओथेरपी क्लिनिकमध्ये सुभाषराव टेलर काकुळतीला आले होते. शाळा उघडायला तीन आठवडे उरले होते आणि दीडशे गणवेश कापायचे होते. आठवडाभरात कात्री हातात घेतली नाही, तर काम दुसऱ्याला देऊ, असं शाळेने बजावलं होतं.

दुखणं साधं होतं. उजव्या अंगठ्याचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या, मनगटापाशी सुजले होते. मी कात्रीला दोष दिला होता. उपाय म्हणून विश्रांती सांगितली होती आणि स्प्लिंट दिला होता. स्प्लिंट म्हणजे अंगठा हलू न देणारा कापडी पट्टा.

“स्प्लिंट दाखवा.”

अंगठ्याचा भाग चक्क कापलेला होता. कडा दुमडून, बारीक टाके घालून. कंपनीच्या शिलाईपेक्षा सरस! रागवायचं सोडून मी शिलाईच बघत बसले.

“हे कशाला?”

“गेमसाठी. ब्लेडनं कापला,” ते लाजले. “काम शिकत होतो तव्हा खेळल्तो. आता सुट्टी भेटली, मंग मोबाइलात परत टाकला.”

सुपरहिरोचा जुना गेम. अख्खं शहर मोकळं, हवं तिकडे उडायचं.

“रोज किती वेळ?”

“जेवण सोडून दिवसभर.”

मला माझीच लाज वाटली. ही विश्रांती मीच लिहून दिली होती, आणि ते घरी काय करतात हे विचारलंच नव्हतं.

मी फोन मागितला. उडायचं बटण उजव्या अंगठ्याखाली, सतत दाबून धरायचं. चालायला डावा अंगठा पुरे. हे कळायला दोन मिनिटं लागली. फोन परत द्यायला वीस. बाहेर दोन पेशंट ताटकळले.

“आता बिलकुल बंद करू का?” त्यांचा चेहरा पडला.

“खेळा. रोज अर्धा तास. पण हिरो पायी जाईल.”

“सुपरहिरो पायी?”

“मॅडमनी सांगितलंय म्हणावं.”

नवा स्प्लिंट, बर्फाचा शेक, व्यायाम. आठवड्यात सूज उतरली. थांबत थांबत का होईना, दीडशे गणवेश वेळेत कापून झाले.

शेवटच्या भेटीला ते म्हणाले, “मॅडम, त्या शहरात टेलरचं दुकान हाय. इतके दिवस वरूनच उडून राह्यल्तो, दिसलंच न्हाई.”

“चालतं का बरं?”

“बंद असतंय. त्यालाबी कोणी विश्रांती सांगितली असंल.”

केसपेपरवर मी पूर्वी फक्त व्यवसाय लिहून घ्यायचे. आता खाली आणखी एक प्रश्न असतो: सुट्टी मिळाली तर काय करता?