नांगरटीत रुतलेल्या कुबड्या

गेल्या रविवारी दुपारी शेवगावजवळ मामांच्या मळ्यात मी उभाच्या उभा पेरला गेलो... म्हणजे अक्षरशः. तुम्ही चौघा दोस्तांनी पत्रात एकच विचारलंय, पाय कसा आहे? म्हणून कार्बन घालून चौघांना एकदमच लिहितोय. सगळ्यात खालची प्रत ज्याला मिळेल त्याने ती उन्हात धरून वाचावी.

ऑपरेशनचं तुम्हाला माहीतच आहे. कबड्डीत पाय पिरगळला, गुडघ्यातली गादी फाटली आणि नगरच्या डॉक्टरांनी ती काढून टाकली. आमची खोली माडीवर, जिना शिडीसारखा... म्हणून आईने मला कुबड्यांसकट मामांकडे धाडलं.

टाके निघाले तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता पाय टेकायचा, थोडा थोडा भार द्यायचा. नाही दिलात तर मांडी वाळेल आणि गुडघा असाच वाकडा आखडून बसेल, कायमचा. मी मान डोलावली आणि महिनाभर पाय काही टेकला नाही.

भीती, दुसरं काय! गादी फाटल्यावर गुडघा मध्येच अडकायचा ना, तेव्हाचा तो 'कट्' आवाज डोक्यातून जात नव्हता. पाय टेकला की तो परत येणार अशी खात्रीच... मग दोन कुबड्या आणि एका पायावर मी इतका तरबेज झालो की विहिरीपर्यंत फेरी मारून यायचो. उजवा पाय हवेत, बगळ्यासारखा.

वर त्याला तत्त्वज्ञानही चिकटवलं. एक गोष्ट लिहायला घेतली, तिच्यातला माणूस खाटेवरून उतरतच नाही. सतरा पानं झाली, माणूस खाटेवरच.

मामी रोज विचारायची, "टेकला का रं पाय?"

"टेकतो की, तू नसताना."

"व्हय का? मग एकच चप्पल कशी झिजली?"

मामा नुसते माझ्या उजव्या मांडीकडे बघायचे. डावीच्या निम्मी झाली होती ती.

रविवारी मामा म्हणाले, "भाच्या, ज्वारी हुरड्यात आलीया. मी पल्याड आगटी पेटवतो, तू ये मागनं सावकाश. ह्या वावरातनं सरळ ये, दुसरी वाट न्हाई."

मधली पट्टी उसासाठी नांगरून, कुळव फिरवून ठेवलेली. गावात वाढलो नाही ते असं कळतं... मला ती छान सपाट जमीन दिसली.

कडेची माती घट्ट होती, चार-पाच टप्पे झकास गेले. मग कुबड्या वीतभर रुतल्या. मग दीड वीत. पट्टीच्या बरोबर मधोमध आलो आणि दोन्ही एकदम अडकल्या. एक उपटायला जावं तर दुसरी आणखी खाली!

ओरडलो, "मामा, गाडी जुंपा! नाहीतर पाठीवर घ्या मला!"

पलीकडून आरोळी आली. "गाडीचं चाक रुततंय! अन् माझी पाठ धरलीया! दोनी हातानं उपस की!"

"दोन्ही हातांनी उपसू तर उभा कशावर राहू?"

"आरं, देवानं दिलेत की खाली दोन!"

लागला ना राग. रागाच्या भरात डावी कुबडी सोडून दिली, उजवी दोन्ही हातांनी धरली आणि हासडली... निघाली! मग दुसरी. तीही निघाली, आणि तेव्हा लक्षात आलं की दोन्ही कुबड्या माझ्या हातात आहेत आणि मी उभा आहे.

उजवा पाय घोट्यापर्यंत मातीत. कट् नाही, काही नाही. फक्त मऊ, उन्हाने कोमट झालेली माती... मांडी लटपटत होती, पण धरून होती.

"लंगड्या बैलाला आमी असंच नांगरटीत चालवतो!" मामा ओरडत होते. "पडला तरी लागत न्हाई! चल, टाक पाय!"

मोळी घ्यावी तशा कुबड्या काखेत मारल्या आणि निघालो. चालणं कसलं, हिंदकळणं ते. दोनदा बसलो, एकदा तोंडात माती गेली... पण त्यातली निम्मी पावलं उजव्या पायाची होती!

आगटीपाशी पोचलो तर मामी आधीच हजर. हातात शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि पायाला मातीचा कण नाही.

"तू कशी आलीस?"

"बांधावरनं. चांगली गाडीवाट हाय की तिकडं."

मी मामांकडे बघितलं. ते काडीने निखारे सारखे करत होते. "वाट हाय व्हय?" म्हणाले, "इसरलोच बघ." जन्म गेलाय त्यांचा या मळ्यात!

आता चांगलं भांडायचं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात मामीच ओरडली. "अवो, हे काय केलंत? पार कोळसा!"

आगटीतली सगळी कणसं काळीठिक्कर. पंचक्रोशीत म्हणतात, हुरडा भाजावा तर मामांनी... आणि त्यांची अख्खी खेप जळलेली. म्हणजे मी वावरात असताना त्यांनी आगटीकडे एकदाही बघितलं नव्हतं.

"टाक रं ती, दुसरी भाजतो," मामा खाली बघत म्हणाले. मी टाकली नाहीत. चोळून जेवढे दाणे निघाले तेवढे खाल्ले. कडूजहर होते.

आज बुधवार. एका कुबडीवर चालतोय. दुसरी मामीने कपड्यांच्या दोरीला टेकू म्हणून लावलीय, मागितली तरी देत नाही.

आणि मला आपलं महिनाभर वाटत होतं, या गुडघ्याला घाबरणारा मी एकटाच आहे.